राखलेलं घर: फोंडा तालुक्यातल्या एका परतीचं प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. धाकटा भाऊ १९९८ साली नोकरीसाठी पुण्याला गेला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात बायको-मुलीला घेऊन वडिलांच्या घरी कायमचा राहायला आला. महिना उलटायच्या आत दोन भावांमधलं बोलणं बंद पडलं आणि पंचायतीत हरकतीचा अर्ज गेला. मी फोंड्यात वकिली करते. आधी धाकटे आले, आठवड्याभरानं थोरले. दोघांनाही मी एकच सांगितलं: कोर्टात मी तुमच्यापैकी कोणाच्याही बाजूनं उभी राहणार नाही, पण एकत्र बसायची तयारी असेल तर बसू. ते बसले. कुटुंबाच्या संमतीनं हे लिहिते आहे. गाव, नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं. गोव्यात परतू पाहणारी माणसं माझ्याकडे कागदांचे प्रश्न घेऊन येतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर (महाराष्ट्रातल्या सातबारासारखा गोव्याचा जमिनीचा उतारा) नाव कसं चढवायचं, घरपट्टी कोणाच्या नावे, गाडीचा नंबर बदलायचा का. या प्रश्नांना उत्तरं आहेत आणि ती मिळतातही. या कुटुंबाचं जिथं अडलं, ती जागा मात्र कुठल्याच अर्जात भरता येत नव्हती. परतणाऱ्याचा हक्क कायद्यानं शाबूत ठेवला होता. मागं राहिलेल्यांनी इतकी वर्षं घर राखलं, त्याची नोंद कुठल्याही कार्यालयात नव्हती. माझं ठाम मत आहे की परतीचं पहिलं काम हा दुसरा हिशेब मांडणं हेच असतं, आणि बहुतेक घरांत तो शेवटी मांडला जातो, तोही भांडून.

घर आणि माणसं

घर चिऱ्याचं, भिंती मातीत बांधलेल्या, वर मंगळुरी कौलं. पुढं सोपा, मधे चौक, मागं पडवी आणि तिथून उतरत गेलेलं कुळागर: पोफळी, नारळ, थोडी केळी, मिरवेल. वडील २०११ साली वारले. आई ऐंशीच्या घरात, पण चालती-फिरती. थोरले सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, बायकोसह कायम याच घरात. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त वास्कोला. मधली बहीण पेडण्याला दिलेली. धाकटे पुण्याजवळच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात देखभाल विभागात होते. स्वेच्छानिवृत्तीची संधी आली तेव्हा त्यांनी ती घेतली. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीनं काम मिळालं, पगार पुण्याच्या निम्म्याहून थोडा वर. पुण्याचा फ्लॅट भाड्यानं दिला. मुलगी आठवी संपवून नववीत जाणार होती. बायको मूळची पुण्याचीच, एका खासगी कंपनीत हिशेब बघत होती. ती नोकरी तिनं सोडली.

धाकट्यांना वाटत होतं की आपण ओळखीच्या मुलखात चाललो आहोत. दर चतुर्थीला ते येत, मे महिन्यातही आठ-दहा दिवस येत. वाट पाठ, देवळाचा उत्सव पाठ, शेजारी पाठ. मला यात एक गोष्ट लगेच जाणवली. सत्तावीस वर्षांत त्यांनी हे घर वर्षातल्या दोन सगळ्यांत चांगल्या वेळांनाच पाहिलं होतं. मे महिन्यात आंबे असतात, अंगण शेणानं सारवलेलं असतं. चतुर्थीला घर झाडून-पुसून, रंग देऊन, माणसांनी भरलेलं असतं. जुलैत त्याच घरात पडवीची भिंत घामेजते, कपडे चार दिवस वाळत नाहीत, वाळवी वाशातून खाली उतरते आणि रात्री वीज गेली की सकाळपर्यंत येईल याचा भरवसा नसतो. तो जुलै त्यांच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. सुटीवर येणाऱ्याला दिसतं ते घर आणि राहणाऱ्याला सांभाळावं लागतं ते घर, ही दोन वेगळी घरं असतात.

मे महिन्याचं छप्पर

येण्याआधी धाकट्यांनी फोनवर दादांना सांगितलं होतं, पश्चिमेकडच्या दोन खोल्या मी ठीकठाक करून घेतो. दादा म्हणाले, कर. दादांच्या मनात होतं की कौलं बदलेल, भिंतीला चुना देईल. धाकट्यांच्या मनात स्लॅब होता. मे महिन्याच्या मध्याला ते ठेकेदार घेऊन आले आणि एका खोलीवरची कौलं उतरवायला सुरुवात झाली. दादांनी विचारलं, पंचायतीची परवानगी? ठेकेदार म्हणाला, दुरुस्तीच तर आहे. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती स्लॅबचं वजन पेलत नाहीत, त्यासाठी आतून खांब उभे करावे लागतात. म्हणजे ती दुरुस्ती नव्हे, नवं बांधकामच. हे दादांना ठाऊक होतं. धाकट्यांना ठेकेदारानं सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. २० मेच्या सुमारास मुसळधार सुरू झाला आणि २५ मेला मोसमी पाऊसही गोव्यात दाखल झाला, नेहमीपेक्षा दहाएक दिवस आधी. खोली उघडी. वर ताडपत्री टाकली, पण मधल्या भिंतीच्या माथ्यावरून पाणी शिरलं आणि शेजारच्या खोलीची माती सुटू लागली. ती शेजारची खोली आईची. आईचं अंथरुण रातोरात सोप्यावर आणावं लागलं. त्या रात्री दादा बोलले ते वाक्य दोघांनीही मला जसंच्या तसं सांगितलं: "तू पाहुणा म्हणून आलास तेव्हा बरा होतास."

दुसऱ्या दिवशी दादांनी पंचायतीत हरकत दिली आणि काम थांबलं. न वाटलेल्या मालमत्तेत प्रत्येक सहमालकाचा हक्क प्रत्येक भिंतीत असतो. एकानं उठून त्यातला तुकडा पाडायचा आणि नवा बांधायचा, हे बाकीच्यांच्या संमतीशिवाय चालत नाही. धाकट्यांना हा घाव वाटला. त्यांच्या दृष्टीनं ते स्वतःच्या घरात स्वतःच्या पैशानं काम करत होते.

तिसरा हिस्सा कोणाचा

माझ्याकडे ते आले ते एक-चौदाच्या उताऱ्याची प्रत घेऊन. कब्जेदार म्हणून अजून वडिलांचंच नाव. म्हणाले, "आम्ही तिघं भावंडं. माझा तिसरा हिस्सा मला वेगळा काढून द्या, मग मी स्लॅब घालीन नाही तर ताडपत्रीखाली राहीन."

इथं त्यांना थांबवावं लागलं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आजही सर्व धर्मीयांना लागू आहे, आणि वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. नवरा गेला की निम्मी मालमत्ता बायकोचीच राहते. वारसा उघडतो तो उरलेल्या निम्म्याचा. तिथं मुलगे आणि मुली समान. मी कागदावर आकडा लिहून दाखवला: आईचा निम्मा वाटा, आणि तीन भावंडांचा प्रत्येकी एक षष्ठांश.

धाकटे बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. पुढच्या आठवड्यात दादांना मी तोच कागद दाखवला, तेव्हा त्यांचाही चेहरा तसाच झाला. दोघेही भाऊ इतके दिवस ज्या घरावरून भांडत होते, त्याची सर्वांत मोठी मालकीण सोप्यावर अंथरुण टाकून निजत होती आणि तिला कोणी एक शब्दही विचारला नव्हता. हे मी वारंवार बघते आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. आपल्याकडे कायद्यानं बाईला शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जे दिलं, ते घरातल्या बोलण्यात अजून पोचलेलं नाही.

बहिणीचंही तसंच. धाकट्यांचं म्हणणं होतं की ताई हक्कत्याग करून देईल, तिला काही नको आहे. नोटरीसमोर हक्कत्यागाचा दस्त करण्याची पद्धत गोव्यात चांगली रुळलेली आहे आणि चतुर्थीला माहेरी आलेल्या बहिणीची सही त्याच आठवड्यात घेऊन टाकणारे भाऊही असतात. मी म्हटलं, तिला फोन करून विचारा. त्यांनी माझ्यासमोरच विचारलं. पलीकडून ताई शांतपणे म्हणाली, "मी कधी मागितलं नाही म्हणजे मला नको, असं तुम्हीच ठरवलंत रे. मी सही करणार नाही. माझं नाव त्या कागदावर असू दे." तिला घर तोडायचं नव्हतं, पैसेही मागायचे नव्हते. आपल्या मुलांना उद्या हे आपलं आजोळ आहे असं कागदानिशी सांगता यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते मला पूर्ण रास्त वाटलं.

आणखी एक प्रश्न धाकट्यांनी खालच्या आवाजात विचारला: पुण्याच्या फ्लॅटवर भाऊ हक्क सांगू शकतो का? नाही. तो त्यांनी स्वतः घेतलेला आहे. पण एक लक्षात ठेवायला हवं. गोव्याच्या अधिवाशाची गोव्याबाहेरची स्थावर मालमत्ताही वारसाहक्कासाठी गोव्याच्याच कायद्याखाली येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे कायमचं गोव्यात स्थायिक झाल्यावर त्या फ्लॅटचं मृत्युपत्र करायचं म्हटलं तर मुलीचा राखीव वाटा टाळता येणार नाही. परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

वही

पहिली एकत्र बैठक काही उपयोगाची झाली नाही. दोघे माझ्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही. दुसऱ्या बैठकीला दादा प्लास्टिकच्या पिशवीत एक वही घेऊन आले. शंभर पानी, शाळेतली, निळ्या पुठ्ठ्याची, कडा दमटपणानं फुगलेल्या. शिक्षकाचं वळणदार अक्षर. वडील गेले त्या वर्षापासून घराचा प्रत्येक खर्च तिच्यात लिहिलेला होता.

दर वर्षी मे महिन्यात शाकारणी: कौलं किती परतली, किती नवी आणली, गडी किती, दिवस किती, रोज किती. एका वर्षी आढं बदललं, फणसाचं लाकूड घरचंच, सुताराची मजुरी तेवढी. एका वर्षी पडवीचे वासे वाळवीनं गेले. विहिरीचा गाळ. घरपट्टी. वीज. आईचा मोतीबिंदू. कुळागरातून आलेली सुपारी आणि नारळाची जमा समोरच्या पानावर. आणि त्याच पानांवर, काही न लपवता, धाकट्याकडून आलेले पैसेही तारखेसह: कधी पाच हजार, कधी दहा.

मी वही उलटी फिरवून धाकट्यांपुढं ठेवली. ते २०२१ च्या मेपाशी थांबले. त्या महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून गेलं होतं. राज्यात कोविडची संचारबंदी होती, जागोजागी झाडं आणि विजेचे खांब पडले होते. वहीत लिहिलं होतं: "१६ मे. फणसाची फांदी स्वयंपाकघरावर. कौलं १४० गेली. वासे ३. गडी मिळत नाही. मी आणि शेजारचा मुलगा. वीज २० ला आली. आईला पलीकडच्या घरी ठेवलं." खाली खर्च.

धाकटे म्हणाले, "त्या दिवशी मी फोन केला होता. दादा, तू म्हणालास सगळं ठीक आहे."

दादा म्हणाले, "तू येऊ शकत नव्हतास. सांगून काय करणार होतो?"

एवढंच झालं. माफी वगैरे कोणी मागितली नाही. पण त्यानंतर धाकट्यांच्या बोलण्यातून "माझा हिस्सा" हे शब्द गेले आणि दादांच्या बोलण्यातून "तुझं पुणं". मी इतकी वर्षं वाटपाची प्रकरणं बघते आहे. त्या वहीनं जे केलं ते एखाद्या दस्तानं केलेलं मी पाहिलं नाही. म्हणून ज्यांची भावंडं बाहेर आहेत त्यांना मी कळकळीनं सांगते: लिहून ठेवा. वसुलीसाठी नव्हे, कळावं म्हणून. आणि बाहेर असणाऱ्यांना सांगते: परतायचं ठरवलंत की घराच्या नकाशाआधी हा जमाखर्च मागा. घरात वही नसेल तर थोरल्या वहिनींशेजारी बसून विचारा, गेल्या पावसाळ्यात काय काय झालं. दोन तास लागतील, पण बसा.

आईचं म्हणणं

तिसरी बैठक मी त्यांच्या घरी घेतली, कारण आईला विचारायचं होतं. मुलं-सुना सगळे होते, ताईही पेडण्याहून आली होती. निम्म्या वाट्याचं मी समजावून सांगितलं. आई म्हणाली, "बाय, म्हाका कोणें विचारलें?" मग ती मराठीत आली, धाकट्या सुनेसाठी. तिला घर वाटायचं नव्हतं, मृत्युपत्रही करायचं नव्हतं. "मी आहे तोवर हे असंच. मी गेल्यावर तुम्ही आणि सरकार बघा." पण तिनं एक गोष्ट मागितली जी त्या घरात कोणालाच अपेक्षित नव्हती. दोन चुली करा, म्हणाली.

थोरल्या सुनेला ते लागलं. धाकटी गप्प. आईनं थोरलीला जवळ बोलावून सांगितलं, "तू तीस वर्षं एकटीनं चूल सांभाळलीस. आता तुझ्या डब्यांत दुसरीनं हात घातला तर तू बोलणार नाहीस आणि तुला सहनही होणार नाही. ती पण बोलणार नाही. मी दोघींना एका खोलीत कोंडणार नाही." एकत्र कुटुंब म्हणजे एक चूल, असा आपला समज असतो आणि वेगळी चूल म्हणजे फूट. त्या बाईनं दोन चुली मागितल्या त्या घर फुटू नये म्हणून. मला तिचं फार पटलं.

ठरलं ते

पुढच्या दोन-तीन बैठकांत जे ठरलं ते असं. पश्चिमेकडच्या दोन खोल्या आणि त्यामागची पडवी धाकट्यांच्या वापराला. तिथं त्यांचं स्वयंपाकघर. स्लॅब नाही. छप्पर कौलांचंच, पण कुजलेले वासे आणि रिपा बदलून. त्याचा खर्च त्यांचा. आईची खोली आधी दुरुस्त करायची, मग स्वतःची. वहीतला मागचा खर्च दादांनी रोख मागितला नाही. त्याऐवजी पुढची काही वर्षं सगळ्या घराची शाकारणी, दादांच्या बाजूचीसुद्धा, धाकट्यांनी करायची असं ठरलं, आणि कुळागराची जमा पूर्वीसारखी दादांकडे राहिली, कारण पाणी लावणं आणि माकडांमागं धावणं तेच करतात. ताईसाठी उत्तरेकडची खोली चतुर्थीला आणि एरवीही मोकळी. चतुर्थीचा खर्च वर्षाआड.

हे सगळं एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या केल्या. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की हा वापराचा समजुतीचा कागद आहे, त्यानं मालकी बदलत नाही. मालकीच्या बाजूनं फक्त पहिली पायरी घ्यायची ठरली: वारस कोण हे नोंदवणारा दस्त विशेष नोटरीसमोर, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे करायचा आणि मग मामलेदाराकडे म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरच्या नावांचा फेरफार, ज्यायोगे वडिलांच्या जागी आईचं, तिन्ही भावंडांचं आणि त्यांच्या जोडीदारांचं नाव येईल. पेडण्याच्या जावईबापूंना यात आपली सही कशाला हे समजेना. पण सामाईक मालमत्तेच्या कायद्यात बहिणीच्या वाट्याशी त्यांचं नाव जोडलेलं असतं. उद्या यातलं काही विकायचं झालं तर जोडीदाराच्या संमतीशिवाय गोव्यात स्थावराचं खरेदीखत होत नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटप, मी मुद्दाम सुचवलं नाही. तिथं न वाटता येणाऱ्या घरावर वारसांमध्येच बोली लागू शकते, आणि ज्याच्याकडे रोख जास्त तो पुढं जातो. पुण्याहून निवृत्तीची रक्कम घेऊन आलेल्या धाकट्याच्या पारड्यात ते पडलं असतं. आई असेपर्यंत तसं होऊ देणं मला बरं वाटलं नाही.

गाडीचं सोपं होतं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक वापरायची तर पुन्हा नोंदणी हवी. पुण्याच्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणून, इथला रस्ताकर भरून फोंड्याचा जीए-०५ नंबर घेतला.

जी परत आली नव्हती

या प्रकरणात ज्यांच्याकडे सगळ्यांचं उशिरा लक्ष गेलं, त्या धाकट्यांच्या पत्नी. एकदा त्या एकट्याच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ते परत आले. मी नव्यानं आले आहे. पण घरात सगळे माझ्याशी असं वागतात की मीही परतच आले." गावात सगळे त्यांच्याशी मराठीतच बोलतात. वर्तमानपत्र मराठी, देवळातलं भजन मराठी, उत्सवातलं नाटक मराठी. पण आपसात बोलणं कोंकणीत, आणि त्या आल्या की ते मराठीत वळतं. हे सौजन्यच आहे, त्यांनाही ते कळतं. तरी दर वेळी आपल्यासाठी बोलणं थांबून वळण घेतं, याचा थकवा येतो असं त्या म्हणाल्या. कागदावरही तसंच. नवरा इथं जन्मलेला. यांची वर्षं मात्र आत्ताच मोजायला सुरुवात झाली. सरकारी नोकरीसाठी लागणारा रहिवासी दाखला आणि गृहिणींना दरमहा मदत देणारी गृहआधार योजना यांसाठी १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या कार्डासाठी ५ वर्षांचं. म्हणून पुण्यातला खासगी आरोग्य विमा त्यांनी बंद करू नये असं मी सुचवलं. तो बंद करायच्या बेतात धाकटे होते, आईचं कार्ड आहे ते आपल्यालाही चालेल अशा समजुतीनं.

वाट त्यांनी स्वतःच काढली. फोंड्यात एका कर सल्लागाराकडे अर्धवेळ काम धरलं आणि स्कूटर घेतली, कारण संध्याकाळच्या बसच्या वेळा त्यांच्या सुटण्याच्या वेळेशी जुळत नव्हत्या. स्वतःची चूल आणि स्वतःची स्कूटर, या दोन गोष्टींनी त्यांना त्या घरात पाय रोवता आले असं त्यांचं म्हणणं. आता त्या सगळ्यांना सांगतात, माझ्याशी कोंकणीतच बोला, चुकलं तर चुकू दे.

मुलीच्या शाळेचा घोळ मात्र टाळता आला असता. गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाले. त्या वर्षी ७ एप्रिलला. महाराष्ट्रात त्याच महिन्यात आठवीच्या वार्षिक परीक्षा चालू होत्या. ती इथं दाखल झाली तेव्हा नववीचे धडे पुढं गेले होते. शाळेनं समजून घेतलं, तिसरी भाषा म्हणून मराठी घेता आली, त्यामुळं भाषेचं ओझं पडलं नाही. परतायचं असेल तर दोन्ही राज्यांची शाळेची वेळापत्रकं डिसेंबरातच शेजारी ठेवून बघावीत. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी गोव्यात राहिलेली आणि शिकलेली वर्षं मोजली जातात, तेव्हा बारावीनंतरचा विचारही आत्ताच करावा. हे मी तिच्या वडिलांना सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदाच खरे काळजीत पडलेले दिसले. मुलगी मात्र दिवाळीच्या आधी वाड्यावरच्या पोरांबरोबर नरकासुराचा पुतळा बांधायला रात्री उशिरापर्यंत बसली. गवत भरणं, कागद चिकटवणं आणि कोंकणी, तिन्ही तिथंच शिकली.

अजून न सुटलेलं

२७ ऑगस्टच्या चतुर्थीला घर एकत्र होतं. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, दोघा भावांनी मिळून बांधली. सुपारीची शिपटी कुळागरातली, आंबाडे, तोरंजन आणि रानातली फळं बाजारातून. मला जेवायला बोलावलं होतं, मी गेले. दोन चुलींवर शिजलेलं एका पंगतीत वाढलं गेलं. दोघी जावांचं एकमेकींशी बोलणं अजून बेताचंच आहे.

वारसांचा दस्त झाला आहे, म्युटेशनचा अर्ज दाखल आहे. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं आणि कुंडईचा पगार मिळून घर चालतं, पण मुलीच्या पुढच्या शिक्षणाला ते पुरणार नाही हे धाकटे जाणतात. फ्लॅट विकावा असं त्यांना वाटतं, पत्नीला नाही. पुण्याला परतायची वाट उघडी असावी हे पत्नीचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, आणि तसं मी दोघांनाही सांगितलं आहे.

सध्याचा वाद कुळागराच्या पाण्याचा आहे. झऱ्याचं पाणी पाटानं खाली येतं आणि शेजारच्या दोन कुळागरांशी त्याच्या पाळ्या लागलेल्या आहेत. धाकट्यांना पंप आणि ठिबक बसवायचं आहे. दादा म्हणतात, पाट सोडला की पाळी जाईल आणि शेजाऱ्यांशी आजोबांपासून चालत आलेला करार मोडेल. करार तोंडीच आहे. तो लिहून घेता येतो का, हे बघायला दोन्ही शेजाऱ्यांना घेऊन ते पुढच्या रविवारी माझ्याकडे येणार आहेत.